जुना चपटा स्कॅनर घरच्या ६४-बिट संगणकावर स्वतःच्या हाताने कसा बसवावा?

तलावपाळ | सोमवार, रात्री ९.१०

सर्व सभासदांना नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. आमच्या गावच्या माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या ताब्यातल्या) तलावासंबंधीची काही जुनी कागदपत्रे माझ्याकडे सांभाळायला आलेली आहेत. त्यांत निस्तारपत्रकाची (गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) नक्कल, वाजिब-उल-अर्जाची (पाणी, मासेमारी वगैरेंबाबतच्या गावच्या वहिवाटीची नोंद) सोळा पाने आणि गावनकाशाचा एक तुकडा आहे. कागद इतका कुरकुरीत झाला आहे की प्रत्येक वेळी घडी उघडली की कोपऱ्याचा चुरा हातात येतो. म्हणून एकदाच सावकाश स्कॅन करून मूळ कागद पेटीत ठेवून द्यावेत, असे ठरवले.

पुतण्याने नागपूरच्या जुन्या बाजारातून एक चपटा स्कॅनर आणून दिला. खोक्यावर २००३ साल छापलेले आहे. सोबत मूळ सीडी आहे, वेगळा अ‍ॅडॉप्टर नाही. यूएसबीच्या वायरीतूनच त्याला वीज मिळते. माझा संगणक टेबलावरचा आहे, त्यात चार जीबी रॅम आणि ६४-बिट विंडोज १० आहे. सीडी घातल्यावर ‘हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी) स्कॅनरच्या नावाऐवजी पिवळा त्रिकोण दिसतो. तालुक्याच्या एका दुकानात नेला, तर त्यांनी वायरही न जोडता ‘हा भंगारात द्या’ असे सांगितले. मला ते पटले नाही, कारण वायर जोडल्याबरोबर संगणक ‘टुंग’ असा आवाज करतो, म्हणजे त्याला काहीतरी जाणवते आहे. मंचाच्या नियमानुसार कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. नमुना क्रमांक विचारणाऱ्यास निरोपातून कळवीन.

वायरमन_वर्धा | सोमवार, रात्री १०.०२

गुरुजी, आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. तो ‘टुंग’ ऐकू येतो याचा अर्थ वायर शाबूत आहे, यूएसबीचे दार चालू आहे आणि स्कॅनरच्या आतली पहिली चिप जिवंत आहे. दुकानदाराने जे निदान न तपासता केले, ते आपण कानाने निम्मे खोटे ठरवले आहे.

तरीही दोन गोष्टी आधी करून घ्या. एक, वायर कॅबिनेटच्या समोरच्या भागात जोडली असेल तर ती काढून मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवर असलेल्या दारात जोडा. आपला स्कॅनर यूएसबीतूनच वीज घेतो. साध्या यूएसबी दारातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मिळावा अशी अपेक्षा असते, पण समोरच्या दारांच्या आतल्या वायरी बारीक आणि सैल असतात आणि मोटर हलायच्या वेळी नेमका व्होल्टेज पडतो. हब किंवा वाढीव वायर मध्ये अजिबात नको. दोन, वायर पूर्ण लांबीवर बोटांनी चाचपून पाहा. आमच्याकडे धान्याच्या खोलीला लागून संगणक ठेवणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी उंदराच्या दातांशी येऊन थांबतात.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर दोनदा क्लिक करा. पहिल्याच पानावर कोड २८ लिहिलेला आहे का, ते पाहा. मग ‘डिटेल्स’ या पानावर जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडी’ निवडा. तेथे व्हीआयडी आणि पीआयडी अशी दोन अक्षरगटांपुढे चार-चार चिन्हे दिसतील. पहिला गट निर्मात्याचा क्रमांक आणि दुसरा यंत्राचा. हे दोन्ही वहीत उतरवून ठेवा, कारण यापुढचा सगळा शोध नावाने नव्हे तर या क्रमांकाने करायचा आहे.

संत्राबाग_मोर्शी | सोमवार, रात्री १०.२५

एवढी खटपट कशाला, गुरुजी? मोबाइलवर स्कॅन करणारी अ‍ॅप फुकट मिळतात. मी पीकविम्याचे सगळे कागद मोबाइलनेच काढले आणि कोणी परत केले नाहीत.

तलावपाळ | मंगळवार, सकाळी ७.३०

संत्राबाग भाऊ, सातबारा किंवा बँकेच्या पासबुकासाठी मीही मोबाइलच वापरतो. परंतु गावनकाशाचा तुकडा १६ इंचाला १ मैल या प्रमाणाचा आहे. मोबाइलने फोटो काढला की कडा आत झुकतात, मधला भाग फुगतो आणि मग त्यावर पट्टी ठेवून तलावाच्या पाळीची लांबी मोजता येत नाही. स्कॅनरवर ३०० डीपीआय घेतले की कागदावरचा एक इंच म्हणजे पडद्यावरचे बरोबर ३०० ठिपके, हे गणित कायम राहते. शिवाय पुसट शाई मोबाइलच्या सावलीत हरवते.

वायरमन भाऊ, आपण सांगितल्याप्रमाणे मागच्या दारात जोडले. उंदराने वायर सोडलेली आहे. कोड २८ असाच आहे आणि दोन्ही क्रमांक वहीत लिहून घेतले आहेत. ते आणि नमुना क्रमांक निरोपातून पाठवतो.

कापूस_ते_कोड | मंगळवार, दुपारी १.१५

मी मूळचा दारव्ह्याकडचा, सध्या पुण्यात नोकरी करतो. गुरुजींनी पाठवलेले क्रमांक वायरमन भाऊंनी मला दाखवले, त्यावरून थोडे सविस्तर लिहितो.

कोड २८ चा अर्थ असा की विंडोजला यंत्र दिसते, पण त्याच्याशी बोलायचा ड्रायव्हर तिच्याकडे नाही. आता हाताने ड्रायव्हर बसवण्याची विंडोजमधली रीत अशी आहे की ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून ‘माझ्या संगणकात शोधा’, मग ‘यादीतून मला निवडू द्या’ आणि शेवटी ‘हॅव डिस्क’ या बटणाने सीडीवरची आयएनएफ शेवटाची फाइल दाखवायची. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो आणि नोटपॅडमध्ये उघडते. ती उघडून आपल्या वहीतला पीआयडी शोधा. तो सापडला, पण ‘एनटी-एएमडी-६४’ असे शीर्षक असलेला विभाग कोठेच नसला, तर ती फाइल फक्त ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेली आहे असे समजा. आपल्या सीडीबाबत मला तसेच वाटते, कारण २००३ साली घराघरांत ३२-बिट विंडोज होती आणि ६४-बिटचा विचार कोणी करत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर करतो. ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लावून जुने प्रोग्राम चालतात, म्हणून ड्रायव्हरही चालेल असे पुष्कळांना वाटते. ६४-बिट विंडोज ३२-बिट प्रोग्राम चालवते, परंतु ३२-बिट ड्रायव्हर कोणत्याही युक्तीने स्वीकारत नाही, कारण ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि तेथे एकाच मापाची भाषा चालते. काही जण शिफ्ट दाबून रिस्टार्ट करून सातव्या पर्यायाने ड्रायव्हरची सहीतपासणी बंद करायला सांगतील. ती युक्ती सही नसलेल्या ६४-बिट ड्रायव्हरसाठी आहे. आपल्याकडे ६४-बिट ड्रायव्हरच नसल्यामुळे तिचा उपयोग शून्य आणि धोका तेवढा शिल्लक. आणि कळकळीची विनंती, ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ असे ओरडणाऱ्या संकेतस्थळांवरून काहीही उतरवू नका. त्या फाइलींत ड्रायव्हर सोडून बाकी सगळे असते.

झाडीतली_ताई | मंगळवार, दुपारी ३.४०

मध्येच विचारते, माझ्याकडे नव्या स्कॅनरचा ६४-बिट ड्रायव्हर नीट बसला आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावही दिसते, पण प्रोग्राम म्हणतो की स्कॅनर सापडत नाही. ही वेगळी अडचण आहे का?

कापूस_ते_कोड | मंगळवार, दुपारी ४.०५

होय ताई, वेगळी आहे आणि सोपी आहे. ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज इमेज अ‍ॅक्विझिशन’ ही सेवा चालू आहे का ते पाहा. तिचा प्रारंभप्रकार ‘ऑटोमॅटिक’ ठेवा आणि संगणक एकदा पुन्हा सुरू करा. ‘शेल हार्डवेअर डिटेक्शन’ ही सेवाही चालू असावी लागते. संगणक वेगवान करून देतो म्हणणारे काही प्रोग्राम या सेवा परस्पर बंद करून टाकतात. तरीही सापडला नाही, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूआयए (म्हणजे वरचीच इमेज अ‍ॅक्विझिशन) ऐवजी ट्वेन निवडून पाहा. ट्वेन हा १९९२ सालापासूनचा वेगळा मार्ग आहे आणि पुष्कळ यंत्रे दोन्हींपैकी एकाच मार्गावर धड चालतात.

झाडीतली_ताई | मंगळवार, सायंकाळी ६.२०

सेवा बंदच होती. आता चालू झाला. आभारी आहे, भाऊ.

तलावपाळ | मंगळवार, रात्री ८.५५

आयएनएफ फाइल उघडली. आमचा पीआयडी तीन ठिकाणी सापडला, आपण सांगितलेले ६४ चे शीर्षक एकाही ठिकाणी नाही. म्हणजे विंडोजचा रस्ता येथे संपला असे समजू का? नवा स्कॅनर घेणे शक्य आहे, पण चांगले यंत्र केवळ त्याची भाषा कोणाला येत नाही म्हणून टाकून द्यावे, हे मास्तराच्या मनाला लागते.

वायरमन_वर्धा | मंगळवार, रात्री ९.३०

संपला नाही, पण फाटा फुटला. एका बाजूला व्ह्यूस्कॅन नावाचा विकत घ्यायचा प्रोग्राम आहे. जुन्या यंत्रांशी बोलण्याची सोय तो स्वतःबरोबर आणतो. त्याची चाचणी आवृत्ती प्रतिमेवर खूण उमटवते, पण आपले यंत्र चालते की नाही हे पैसे देण्याआधी कळते. दुसऱ्या बाजूला लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली आहे. तिच्यात ‘सेन’ नावाची स्कॅनरची मुक्त व्यवस्था असते आणि जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर, ज्यांना तेथे बॅकएंड म्हणतात, वर्षानुवर्षे सांभाळून ठेवलेले असतात. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार तसाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा दुसरी प्रणाली पाहून ठेवण्यात तोटा नाही.

लिनक्स मिंट हा तिचाच एक प्रकार पेन ड्राइव्हवरून चालतो, हार्ड डिस्कला हात न लावता. त्याला किमान दोन जीबी रॅम लागते, आपल्याकडे चार आहे. गावात नेट मंद असेल तर फाइल पुतण्याकडून नागपूरहूनच मागवा. ती जवळपास तीन जीबीची असते.

तलावपाळ | शुक्रवार, रात्री ९.४५

पेन ड्राइव्ह एसटीने आली. संगणक सुरू होताना एफ१२ दाबून तिच्यावरून मिंट उघडली. वायरमन भाऊंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) आज्ञा दिल्या. पुढच्या वाचकांसाठी सांगतो की आज्ञा रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या असतात, येथे मी केवळ त्यांचे उच्चार लिहितो आहे.

पहिली आज्ञा ‘एलएसयूएसबी’. तिने जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी दिली आणि वहीतले दोन्ही क्रमांक त्या यादीत जसेच्या तसे होते. दुसरी ‘सेन-फाइंड-स्कॅनर’. तिने ‘यूएसबी स्कॅनर सापडला’ असे सांगून पुढे चिपचे नाव जीटी-६८१६ असे दिले. तिसरी ‘स्कॅनइमेज’, त्यापुढे जागा, आडवी रेघ आणि मोठा एल. तिने दोन यंत्रे दाखवली. पहिले पाहून मला आनंद झाला, पण ते वेबकॅमेऱ्याचे नाव निघाले! दुसरे मात्र आपलेच होते, नावाच्या सुरुवातीला जीटी-६८-एक्सएक्स असे लिहिलेले.

यानंतर स्कॅन करायला गेलो तर यंत्र हलले नाही आणि ‘अवैध आर्ग्युमेंट’ अशी चूक आली. इतक्या जवळ येऊन थांबल्यासारखे वाटते आहे.

कापूस_ते_कोड | शुक्रवार, रात्री १०.३०

गुरुजी, आपण थांबलेला नाही, आता फक्त एक वस्तू हवी आहे आणि ती आपल्या घरातच आहे.

कॅमेऱ्याचे नाव येणे स्वाभाविक आहे. सेनमध्ये व्हिडिओ यंत्रांसाठीही एक बॅकएंड असतो आणि तो वेबकॅमेऱ्यालाही स्कॅनर समजतो. त्याकडे दुर्लक्ष करा.

खरी गोष्ट अशी की जीटी-६८ घराण्यातल्या चिपला स्वतःची बुद्धी कायमची साठवून ठेवता येत नाही. वीज मिळाली की ती कोऱ्या पाटीसारखी उठते आणि संगणकाने तिला दर वेळी एक छोटी फाइल, म्हणजे फर्मवेअर, भरवावी लागते. विंडोजवर हे काम ड्रायव्हर गुपचूप करत असे. सेनमध्ये बॅकएंड आहे, पण फर्मवेअर कंपनीच्या मालकीचे असल्यामुळे ते लिनक्ससोबत वाटता येत नाही. ते कोठे मिळते? ज्या सीडीला आपण निरुपयोगी समजलो, तिच्यावर.

सीडी मिंटमध्ये उघडा आणि ‘डॉट यूएसबी’ असा शेवट असलेली फाइल शोधा. ती उघडी न दिसल्यास ‘डॉट कॅब’ शेवटाच्या गाठोड्यात बांधलेली असेल. साधे गाठोडे मिंटच्या आर्काइव्ह मॅनेजरने सुटते. इन्स्टॉलशील्डचे असले तर ‘अनशील्ड’ नावाचे साधन बसवून सोडवावे लागते. फाइल मिळाली की ती ‘यूएसआर’, ‘शेअर’, ‘सेन’, ‘जीटी६८एक्सएक्स’ या एकात एक असलेल्या फोल्डरांपैकी शेवटच्यात ठेवा. शेवटचे फोल्डर नसेल तर तयार करा. दोन्ही कामांच्या आज्ञेआधी ‘सुडो’ (व्यवस्थापकाचा अधिकार देणारा शब्द) लावावे लागेल.

आणि नावाकडे नीट लक्ष द्या. लिनक्सला लहानमोठ्या अक्षरांत फरक कळतो. सीडीवर नाव सगळे मोठ्या अक्षरांत असेल आणि बॅकएंड लहान अक्षरांचे नाव शोधत असेल, तर फाइल समोर असूनही त्याला दिसणार नाही. बॅकएंड कोणते नाव शोधतो आहे हे पाहायचे असल्यास ‘सेन-डीबग’ हे चलमूल्य लावून स्कॅनइमेज चालवता येते. आज्ञा निरोपातून पाठवली आहे.

निवृत्त_तलाठी | शनिवार, सकाळी ८.१०

तांत्रिक भाग मला कळत नाही, परंतु कागदांबद्दल दोन शब्द लिहितो. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या अनुक्रमे कलम १६१ आणि कलम १६५ मध्ये आहे, आणि आपल्या विदर्भात पाणी, चराई, मासेमारी यांच्या गावकी हक्कांच्या वादात हे कागद अजूनही बाहेर निघतात. म्हणून गुरुजींनी प्रत्येक पानाची मागची बाजूही स्कॅन करावी. शिक्के आणि नक्कल दिल्याची तारीख पुष्कळदा मागेच असते. स्कॅन केलेली प्रत ही प्रमाणित नक्कल नव्हे, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

तलावपाळ | शनिवार, रात्री १०.५०

तलाठीसाहेब, सूचना मान्य. पाठीमागच्या शिक्क्यांचा विचार मी केलाच नव्हता.

आजचा वृत्तांत. फर्मवेअर कॅब गाठोड्यातच होते. अनशील्ड बसवून ते सोडवले, फाइल फोल्डरमध्ये ठेवली, तरी तीच चूक आली. मग कापूस भाऊंनी पाठवलेली आज्ञा दिली. पडद्यावर ओळींचा पाऊस पडला आणि त्यात एका ठिकाणी बॅकएंड शोधत असलेले फाइलचे नाव होते. सीडीवरचे नाव संपूर्ण मोठ्या अक्षरांत होते, बॅकएंडला हवे असलेले मिश्र अक्षरांत. नाव बदलले. पुन्हा आज्ञा दिली आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्या यंत्रात हिरवा प्रकाश उजळला!

आणि त्याच क्षणी वीज गेली.

आमच्याकडे भारनियमनाचे वेळापत्रक कागदावर असते आणि वीज स्वतःच्या मर्जीने जाते, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. वीज परत आल्यावर पाहतो तो फोल्डर नाही, फाइल नाही, अनशील्डही नाही. पेन ड्राइव्हवरून चालणारी मिंट बंद झाली की सगळे विसरते, हे मला ठाऊक नव्हते. सर्व पुन्हा केले. दुसऱ्यांदा वीस मिनिटांत झाले.

पण नवी अडचण आली. दिवा लागतो, मग आतून ‘घर्र-घर्र’ असा दात घासल्यासारखा आवाज येतो, पट्टी जागची हलत नाही आणि थोड्या वेळाने इनपुट-आउटपुटची चूक येते. मोटर गेली असेल का?

वायरमन_वर्धा | शनिवार, रात्री ११.०५

ताबडतोब वायर काढा आणि पुन्हा प्रयत्न करू नका, गुरुजी. मोटर गेलेली असती तर आवाजच आला नसता. ती ढकलते आहे आणि काहीतरी तिला धरून ठेवते आहे. असाच जोर चालू राहिला तर पट्ट्याचे दात झिजतील.

काच खाली होणार नाही अशा बेताने स्कॅनर कडेवर उभा करा आणि बूड पाहा. प्रवासात आतली पट्टी हलू नये म्हणून पुष्कळ जुन्या चपट्या स्कॅनरना खाली किंवा कडेला एक कुलूप असते, कधी सरकते बटण, कधी नाण्याने फिरवायचा स्क्रू. जवळ कुलपाचे लहानसे चित्र कोरलेले असते. दुकानातून आणताना ते कोणी शहाण्याने लावून दिले असेल.

तलावपाळ | रविवार, सकाळी ६.४०

कुलूपच होते. काळ्या बुडावर काळेच बटण, त्यावर वीस वर्षांची धूळ. बॅटरी लावून बोटाने चाचपल्यावर सापडले. सरकवले, आतून ‘खट्’ झाले. सकाळी साडेपाचला वीज होती, तेव्हा निस्तारपत्रकाचे पहिले पान स्कॅन केले. पट्टी संथपणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पडद्यावर पान उमटले तेव्हा सौ. चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ‘इतके दिवस यासाठीच भांडत होतात का’ असे विचारले.

वायरमन भाऊ आणि कापूस भाऊ, आपले दोघांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. आता पुढचे विचारतो. पाने फूलस्केप आहेत, साधारण १३ इंच लांब. स्कॅनरची काच ए४ मापाची. शिवाय मागच्या बाजूची शाई पुढे झिरपलेली दिसते. किती डीपीआयवर करावे?

कापूस_ते_कोड | रविवार, सकाळी ११.२०

गुरुजी, प्रथम मिंट हार्ड डिस्कवर कायमची बसवून घ्या, विंडोजच्या शेजारी वेगळ्या भागात, नाहीतर प्रत्येक भारनियमनानंतर फर्मवेअर भरण्याची पूजा मांडावी लागेल. त्याआधी आपल्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढा. बसवल्यानंतर कधी असे झाले की ‘सुडो’ लावल्यावर स्कॅनर दिसतो आणि न लावता दिसत नाही, तर तो परवानगीचा प्रश्न असतो. आपले वापरकर्तानाव ‘स्कॅनर’ गटात घालून एकदा बाहेर पडून परत आत यावे.

मापाबद्दल. ए४ आकार ३०० डीपीआयवर घेतला की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, आणि रंगीत असल्यास प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरून सुमारे २६ एमबी कच्चा मजकूर वायरीतून यावा लागतो. आपल्या खोक्यावर यूएसबी १.१ लिहिले असेल तर त्याचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे जेमतेम दीड एमबी; प्रत्यक्षात त्याहून कमीच. तेव्हा एका पानाला अर्धे मिनिट किंवा जास्त लागले तर यंत्र बिघडले असे समजू नका. ६०० डीपीआय केले की मजकूर चौपट होतो, १०४ एमबीच्या आसपास. लिहिलेल्या पानांना ३०० पुरे आहे. फक्त नकाशा ६०० वर घ्या, आणि तो दुपारी नव्हे, वीज टिकते त्या वेळी घ्या.

रंगीतच करा, जरी कागद काळापांढरा वाटला तरी. शिक्क्याची जांभळी शाई आणि लेखणीची तपकिरी शाई राखाडी रंगात एकमेकींत मिसळून जातात. मूळ प्रत पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेग पुन्हा पुन्हा जतन केली की प्रत्येक वेळी थोडी झिजते. कोणाला पाठवायची लहान पीडीएफ नंतर वेगळी करता येते.

झाडीतली_ताई | रविवार, दुपारी १२.१५

झिरपलेल्या शाईसाठी माझा अनुभव सांगते. पानाच्या पाठीमागे झाकणाचा पांढरा भाग न येऊ देता काळा कार्डबोर्ड ठेवा. पांढऱ्या पाठीवरून प्रकाश परत फिरतो आणि मागची अक्षरे पुढे दिसतात. काळ्या पाठीत तो मुरतो. पान थोडे काळपट येते, ते नंतर उजळता येते.

वायरमन_वर्धा | रविवार, दुपारी २.३०

ताईंची युक्ती उत्तम आहे. त्यात एवढेच जोडतो की आपला स्कॅनर वायरीतूनच वीज घेतो आणि चपटा आहे, म्हणजे त्यात काचेला चिकटून फिरणारा संवेदक आहे. अशा यंत्राला काचेला टेकलेलेच स्पष्ट दिसते. अर्धा सेंटिमीटर वर उचललेली घडी धूसर येते. म्हणून पानावर काळा कार्डबोर्ड, त्यावर झाकण आणि झाकणावर एखादे पातळ पुस्तक ठेवा. पाटा-वरवंटा नको, काच तडकते. काच पुसताना पाणी कापडावर घ्या, काचेवर शिंपडू नका. कडेतून आत गेलेला ओलावा पावसाळाभर धुक्यासारखा बसून राहतो.

फूलस्केपसाठी पान दोनदा स्कॅन करा, एकदा वरचा भाग, एकदा खालचा, आणि मधला चार-पाच इंचांचा भाग दोन्हींत येऊ द्या. दोन्ही वेळा पानाची उजवी कड काचेच्या त्याच पट्टीला टेकवा, म्हणजे तिरपेपणा येत नाही. जिंप या चित्रे जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये दोन थर एकावर एक ठेवून वरचा अर्धपारदर्शक करा आणि एखादी आडवी ओळ जुळेपर्यंत सरकवा.

तलावपाळ | पुढचा गुरुवार, रात्री ९.२०

मिंट कायमची बसली. सोळा पाने, त्यांच्या पाठी आणि नकाशाचा तुकडा, सगळ्यांच्या फाइली झाल्या. तिसऱ्या पानाच्या मागे एक फिकट शिक्का आणि हाताने लिहिलेली एक ओळ निघाली आहे, जी मूळ कागदावर मला कधीच वाचता आली नव्हती. ती मोडी लिपीत आहे. पडद्यावर मोठी करून पहिले दोन शब्द मी लावले, तिसरा लागत नाही. तलाठीसाहेब, निरोपातून त्या ओळीचे चित्र पाठवतो, सवडीने पाहावे.

निवृत्त_तलाठी | पुढचा गुरुवार, रात्री ९.५०

पाठवा गुरुजी. रंगीत आणि ६०० वर केलेले पाठवा, जेपेग नको.